अर्जावर पहिलं नाव कुणाचं?

झेरोम बेल या फ्रेंच नृत्यदिग्दर्शकाचं ‘डिसेबल्ड थिएटर’ 2012 साली ब्रुसेल्सच्या एका कलामहोत्सवात पहिल्यांदा झालं. त्यातले नट झुरिचच्या ‘थिएटर होरा’चे. 1993 साली सुरू झालेली ही व्यावसायिक नाट्यसंस्था. तिच्या नटांना बौद्धिक अपंगत्व आहे, काहींना डाउन सिंड्रोम. बेलला त्यांची स्विस जर्मन येत नव्हती, म्हणून मधे एक दुभाषी होती. प्रयोगातही ती रंगमंचावर बसते आणि झेरोमने नटांना काय काय करायला सांगितलं, ते ओळीने सांगत जाते. आधी एकेकाने यायचं आणि प्रेक्षकांसमोर एक मिनिट नुसतं उभं राहायचं. मग नाव, वय आणि व्यवसाय सांगायचा. मग आपलं अपंगत्व काय आहे ते सांगायचं. मग आपल्याला आवडेल त्या गाण्यावर आपणच बसवलेला नाच करायचा. शेवटचा प्रश्न, या नाटकाबद्दल तुझं काय मत आहे? त्यावर एक नट सांगतो, माझ्या आईला हे विचित्र माणसांचं प्रदर्शन वाटलं, पण तिला फार आवडलं.

पुढच्या वर्षी बर्लिनच्या थिएटरट्रेफेन महोत्सवासाठी या नाटकाची निवड झाली आणि त्यातल्या युलिया हॉयझरमान या नटीला तरुण नटांसाठीचा आल्फ्रेड केर पुरस्कार मिळाला. अपंग आणि अपंगत्व नसलेल्या कलावंतांनी देशांच्या सीमा ओलांडून एकत्र केलेल्या कामाचा विषय निघाला, की बोलणं या नाटकावर येतंच.

माझ्या ओळखीत एक मावशी आणि तिचा भाचा आहे. मावशी पुण्यात प्रायोगिक नाटकं करते. तिच्या तालमीत हयगय चालत नाही, हे तिच्याकडे काम केलेला कुणीही सांगेल. भाचा मुंबईत नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि या एका विषयावर दोघांचं अजिबात जमत नाही. त्यांचं बोलणं मी इथे मांडतोय, कारण असे प्रकल्प आता आपल्याकडेही येऊ लागले आहेत आणि ‘किती छान’ म्हणून टाळ्या वाजवण्यापलीकडे त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलताना दिसत नाही.

मावशी : मी ते नाटक बर्लिनमध्ये पाहिलं. ते एक मिनिट मला अजून पुरतंय. कुणी येतो आणि घाईने निघून जातो, कुणी इतका वेळ उभा राहतो की प्रेक्षक चुळबुळायला लागतात. मी आयुष्यभर नटांना सांगत आले, की काही करू नका, फक्त उभे राहा. भल्याभल्यांना ते जमत नाही. इथे जमलं. आणि बेलने कुणाची दया केली नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. सगळ्यांनी नाच बसवले, त्यातले त्याने सात निवडले. बाकीचे नाही घेतले. सगळे किती गोड, सगळ्यांना संधी, असलं काही नाही. कलावंत मानतो म्हणूनच निवड करतो ना?

भाचा : मला ते नाटक तीन जणांनी सांगितलंय, त्यात तू एक. तिघांची तीन वेगळी नाटकं आहेत. पण पुढचा भाग तिघांनीही सांगितला. ज्यांचे नाच घेतले नाहीत त्यांना वाईट वाटलं, आणि मग ते सुद्धा नाटकात आलं. उरलेले नाच शेवटी दाखवले. म्हणजे नटांची तक्रारसुद्धा बेलच्याच नाटकातला एक प्रसंग झाली. तू याला मोठेपणा म्हणतेस. मी म्हणतो, त्या नटांकडे असं काहीच उरलं नाही जे बेलच्या नाटकाबाहेर आहे. राग आला, तोही त्याच्या खात्यात जमा.

मावशी : प्रत्येक दिग्दर्शक हेच करतो रे. तालमीत नटी रडली, तर ते रडणं मी प्रयोगात घेते. नट म्हणजे कच्चा माल, हे नाटकवाल्याने मान्य करायला लाजू नये.

भाचा : मान्य. पण तुझ्या नटीला तुझा राग आला, तर ती उद्या मालिका करेल, डबिंग करेल, दुसऱ्या ग्रुपमध्ये जाईल. होराच्या नटाने ‘नाही’ म्हटलं, तर तो कुठे जाणार? ज्याला जाता येत नाही त्याचा होकार आणि ज्याला जाता येतं त्याचा होकार, हे दोन्ही तू एकाच तागडीत टाकतेस.

यावर मावशी लगेच बोलली नाही. माझ्या मते भाच्याने मुद्द्यावर बोट ठेवलं. नाट्यसृष्टीत दिग्दर्शकाची सत्ता सगळे सहन करतात, कारण ती तात्पुरती असते. नाटक संपलं, की नट मोकळा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या नटाला काम देणाऱ्या व्यावसायिक संस्था जगात थोड्या आहेत, आणि त्यातल्या एकीत त्याचं सगळं आयुष्य गेलेलं असतं.

मावशी : ठीक. पण होरा बेलच्या आधी होतं आणि नंतरही आहे. 2013पासून त्यांनी ‘फ्राये रिपुब्लिक होरा’ सुरू केलं. त्यात हेच नट स्वतः दिग्दर्शन करतात.

भाचा : आणि त्यातल्या एका तरी नाटकाचं नाव तुला येतं का?

मावशी : नाही येत.

भाचा : मलाही नाही. बेलच्या नाटकाचं नाव मात्र आपण दोघं जेवताना घेतो.

मावशी : मग बॅक टू बॅक घे. तिथे तुझं हे भांडण त्यांनी स्वतःच रंगमंचावर मांडलंय.

बॅक टू बॅक ही ऑस्ट्रेलियातल्या गिलाँग शहरातली संस्था, 1987ची. बौद्धिक अपंगत्व असलेले नट हे तिचं कायमचं, पगारी नटमंडळ. ब्रूस ग्लॅडविन हा 1999पासूनचा कलादिग्दर्शक, त्याला अपंगत्व नाही. नाटकं सगळे मिळून, महिनोन्महिने तालमी करत रचतात. 2022 साली त्यांना आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला, 2024 साली व्हेनिसच्या बिएनालेत रंगभूमीवरच्या एकूण कामगिरीसाठी सुवर्णसिंह. मावशी बोलत होती ते नाटक 2011चं, ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राइश’. नाझींनी पळवलेलं स्वस्तिक परत आणायला गणपती जर्मनीत जातो, ही त्याची गोष्ट. मेलबर्नला ते लागायच्या आधीच काही हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. नंतर ते अनेक देशांत फिरलं.

मावशी : गणपतीची गोष्ट अर्धीच आहे. उरलेल्या अर्ध्या नाटकात त्या गोष्टीची तालीम चाललेली असते. तालमीतले नट आपापल्या खऱ्या नावाने वावरतात, आणि त्यांचा दिग्दर्शक एक अपंगत्व नसलेला माणूस. आधी तो समजूतदार वाटतो. मग हळूहळू त्याचा तोल जातो. तो ओरडतो, ढकलतो. नट आपसात वाद घालतात, की गणपतीची गोष्ट सांगायचा आपल्याला अधिकार आहे का, छळछावण्यांची आहे का. आपल्यातल्या एकाला खरं काय आणि नाटक काय यातला फरक कळतो का, यावरही भांडतात. एका क्षणी दिग्दर्शक तालमीत रिकाम्या मानलेल्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणतो, की तुम्ही इथे विचित्र माणसं बघायलाच आलाहात. म्हणजे मलाच म्हणतो. आणि शेवट तर... तो एका नटाशी लपाछपी खेळायला लागतो, त्याला टेबलाखाली लपायला सांगतो, आणि निघून जातो. नट टेबलाखाली वाट बघत बसतो.

भाचा : हे मला पटतं.

मावशी : पटतं? मग भांडण कशाला?

भाचा : पटतं, कारण ते नट वर्षानुवर्षं एकत्र आहेत, पगार घेतात, आणि नाटक रचताना तिथे असतात. त्यांनी स्वतःच्या दिग्दर्शकाला स्वतःच्या नाटकात खलनायक केलं, आणि दिग्दर्शकाने ते होऊ दिलं. गणपतीसुद्धा कसा निवडला बघ. बापाने मुंडकं उडवलं, वर दुसऱ्याचं बसवलं, आणि त्याच देहाला आपण पहिला नमस्कार करतो. हे आपल्याला सुचायला हवं होतं, सुचलं गिलाँगला. पण मावशी, असं नाटक आठवड्याच्या कार्यशाळेत होत नाही. आपल्याकडे येतात ते प्रकल्प कसे असतात? परदेशातून दोघं येतात, शहरातल्या संस्था दहा-बारा अपंग मुलं गोळा करतात, थोडे दिवस तालीम, एक प्रयोग, फोटो, अहवाल.

भाच्याचं हे बोलणं ऐकीव नाही. अशा एका प्रकल्पात तो होता. संगीताचा बराच भाग त्याने रचला, आणि प्रयोगाच्या पत्रिकेत त्याचं नाव ‘सहभागी’ या मथळ्याखाली बाकीच्यांबरोबर वर्णानुक्रमे छापलं गेलं. परदेशी कलावंतांची नावं वर होती, त्यांच्या कामासकट. मानधनाचा फरक तर विचारूच नये. त्याने पत्र लिहिलं, उत्तर आलं की ही छापण्याच्या घाईत राहून गेलेली गोष्ट आहे.

मावशी : ते वाईटच झालं, मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तेवढ्यावरून सगळंच टाकून देऊ नकोस. ढाक्याचं उदाहरण तुला माहीत आहे.

2016 हे शेक्सपिअरच्या मृत्यूचं 400वं वर्ष होतं. त्या वर्षी ढाक्यात ‘अ डिफरंट रोमिओ अँड ज्युलिएट’ झालं. ढाका थिएटर, लंडनची ग्रे-आय ही कंपनी आणि ब्रिटिश कौन्सिल यांचं हे एकत्र काम. ग्रे-आय 1980 साली नबील शाबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी काढली. शाबान स्वतः चाकाच्या खुर्चीवरचा नट. 1997पासून तिची कलादिग्दर्शक आहे जेनी सीली, जिला लहानपणापासून ऐकू येत नाही. 2012च्या लंडन पॅरालिम्पिकचा उद्घाटन सोहळा तिने ब्रॅडली हेमिंग्जबरोबर बसवला होता. ढाक्यातले बरेचसे नट अपंग होते आणि त्यांना प्रशिक्षण देण्यात आधी मोठा काळ गेला होता.

मावशी : तिथे परदेशातून आलेली दिग्दर्शक स्वतः बधिर. नसिरुद्दीन युसुफसारखा तिथला दिग्दर्शक बरोबर. म्हणजे अपंगत्व नसलेल्या गोऱ्या माणसाने येऊन आशियातल्या अपंगांना रंगमंचावर चढवलं, असं तुला म्हणता येणार नाही. तिथे अपंग माणूसच शिकवणारा होता, आणि अपंगत्व नसलेली मंडळीही शिकत होती.

भाचा : म्हणून तर ते मला जवळचं वाटतं. सीलीला नटाचा संवाद ऐकू येत नाही. ती ओठ बघते, दुभाष्याकडे बघते, देह बघते. तिच्या कंपनीत सांकेतिक भाषा, पडद्यावर येणारे शब्द आणि अंध प्रेक्षकासाठीचं वर्णन हे सगळं नाटक लिहितानाच नाटकात घालतात. मागाहून चिकटवत नाहीत. एखादं पात्रच दुसऱ्या पात्राला काय दिसतंय ते सांगतं, आणि मी प्रेक्षागृहात बसून बाकीच्यांबरोबर हसतो. एरवी मी हसतो ते शेजारी हसला की, अर्धा क्षण मागून.

इथे मावशी गप्प झाली आणि मीही. नाटकातला विनोद अर्धा क्षण उशिरा मिळणं म्हणजे काय, हे डोळस प्रेक्षकाला कधी कळणार नाही. ‘सोय’ हा शब्द आपण सरकारी कागदावरच्या अर्थाने घेतो, उतार, कठडा, राखीव खुर्ची. सीलीच्या कामात ती नाटकाच्या रचनेचाच भाग आहे, जशी प्रकाशयोजना असते.

मावशी : मग तुला नृत्याबद्दल विचारते. तिथे शब्दच नाहीत. सेलेस्ट डँडेकरचं काय म्हणशील?

भाचा : तिच्याबद्दल मी काहीच वाकडं बोलणार नाही.

सेलेस्ट डँडेकर लंडन कंटेम्पररी डान्स थिएटरमधली नर्तकी. 1973 साली मँचेस्टरला प्रयोग चालू असताना ती पडली आणि मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर आली. नाच संपला असं तिनेही धरलं, आणि ती वेशभूषेकडे वळली. बऱ्याच वर्षांनी दर्शनसिंग भुल्लर या तिच्या जुन्या सहकारी नर्तकाने तिच्यावर एक लघुपट केला आणि त्यासाठी तिला पुन्हा नाचायला लावलं. त्यानंतर 1991 साली तिने आणि ॲडम बेंजामिनने लंडनमध्ये ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था काढली. अपंग आणि अपंगत्व नसलेले नर्तक पहिल्या दिवसापासून बरोबरीने, आणि नृत्यरचना बसवायला देशोदेशीचे नामांकित दिग्दर्शक. झेरोम बेलने आपली ‘द शो मस्ट गो ऑन’ ही जुनी रचना त्यांच्यासाठी बसवली. गुजराती वंशाच्या हेतेन पटेलने त्यांच्याबरोबर ‘लेट्स टॉक अबाउट डिस’ केलं. त्यात नर्तक स्वतःच्या शरीराबद्दल लोक काय विचारतात ते वेगवेगळ्या भाषांत आणि सांकेतिक भाषेत बोलतात, आणि प्रत्येक वेळी भाषांतर थोडं खोटं असतं.

मावशी : डँडेकर स्वतः नर्तकी होती, संस्थापक होती. बेंजामिनला अपंगत्व नव्हतं. दोघांनी मिळून केलं. एकाने दुसऱ्याला ‘घेतलं’ असं नाही. आणि त्यातून नृत्याचीच भाषा मोठी झाली. क्लेअर कनिंगहॅमच्या कुबड्या बघ. अरे, कुबडी हा तिचा तिसरा आणि चौथा पाय आहे. त्यावर सगळा भार टाकून ती अशी काही तोलते, की दोन पायांचा नर्तक तसं करूच शकणार नाही.

भाचा : आणि कनिंगहॅमचं सगळ्यात चांगलं काम कुणाबरोबर, तर जेस कर्टिसबरोबर. तो अमेरिकन, अपंगत्व नसलेला. मावशी, हे उदाहरण तू दिलंस तर मी हरतो.

ही जोडी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या सगळ्या वादात मला सगळ्यात जास्त शिकवणारी तीच वाटते. कनिंगहॅम स्कॉटलंडची. शिक्षणाने गायिका, किशोरवयापासून कुबड्यांवर चालणारी. नृत्याकडे ती येणार असं तिलाच वाटत नव्हतं. कर्टिस सॅन फ्रान्सिस्को आणि बर्लिन इथे काम करणारा नृत्यदिग्दर्शक होता. त्याच्याबरोबर काम करताना ती नृत्यात शिरली. पुढे ती स्वतः नृत्यदिग्दर्शक झाली, तिच्या रचना जगभर गेल्या, आणि 2016 साली दोघांनी मिळून ‘द वे यू लुक (ॲट मी) टुनाइट’ केलं. यावेळी शिक्षक आणि विद्यार्थी असं काही उरलं नव्हतं. प्रेक्षक रंगमंचावरच, त्यांच्या आसपास बसलेले. दोघं नाचतात, गातात, एकमेकांना प्रश्न विचारतात. मला तू कसा दिसतोस, लोक मला कसं बघतात, वय झालेल्या पुरुष नर्तकाच्या देहाकडे कसं बघतात. म्हणजे बघण्याचा प्रश्न एकाच बाजूने विचारलेला नाही. बेलच्या नाटकात फक्त होराच्या नटांना विचारलं जातं, की तुझं अपंगत्व काय. दुभाषीने कधी वळून विचारलं नाही, की झेरोम, तुझं काय?

भाचा : आणि कर्टिसने पुढे काय केलं ते सांगितलंस का यांना? त्याच्या संस्थेने अंध प्रेक्षकांसाठी नृत्याचं वर्णन करणारी सेवा उभी केली. प्रयोगाच्या आधी रंगमंचावर नेतात. कपडे, वस्तू हातात देतात, नर्तक कुठून कुठे जाणार ते पावलांनी मोजू देतात. मग प्रयोगाच्या वेळी कानात वर्णन. ते वर्णन करणाऱ्यांना शिकवायला अंध माणसंच. मी जेव्हा म्हणतो, की सहयोग करा, तेव्हा मला हे हवं असतं. त्या माणसाबरोबर काम केल्यावर तुमचं स्वतःचं काम बदललं पाहिजे. आमच्यावर उपकार करून परत जाताना तुम्ही जसे आला होता तसेच जात असाल, तर काहीच झालं नाही.

मावशी : पण आधी काम चांगलं पाहिजे. तुझ्या सगळ्या अटी पाळल्या, पत्रिकेत नाव बरोबर छापलं, पैसे बरोबर दिले, आणि नाटक भिकार झालं, तर मी उठून जाईन. हे बोलायचा मला अधिकार हवा. अपंग आहेत म्हणून टाळ्या, हा सगळ्यात वाईट अपमान.

भाचा : जा ना उठून. मीसुद्धा उठेन. फक्त मी उठलो तर मला दार कुठे आहे ते कुणीतरी सांगावं लागेल.

मावशीच्या या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि भाचाही आहे. वाद तो नाहीच. वाद निर्णयाचा आहे. ब्रिटनमधल्या दृश्यकलेच्या टर्नर पारितोषिकाचं उदाहरण घ्या. 2025 साली ते ननेना कालू हिला मिळालं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलावंताला हे पारितोषिक पहिल्यांदाच मिळालं. कापड, फीत, चिकटपट्टी गुंडाळत ती अजस्र लोंबत्या आकृत्या घडवते. लंडनच्या ॲक्शनस्पेस या संस्थेत ती 1999पासून काम करते, आणि शार्लट हॉलिन्सहेड ही कलावंत तिच्या सोबत असते. सामान आणणं, जागा ठरवणं, संग्रहालयांशी बोलणं हे तिचं. कालू फारशी बोलत नाही, म्हणून समारंभात तिच्या वतीने हॉलिन्सहेडच बोलली. पण पारितोषिकावर नाव एकाच व्यक्तीचं आहे, कालूचं. एवढी वर्षं मदत केल्यावरही मदत करणाऱ्याने आपलं नाव बाजूला ठेवणं याला फार मोठी शिस्त लागते, आणि ती शिस्त मला बेलच्या सगळ्या धाडसापेक्षा मोलाची वाटते.

मावशी : हे मला मान्य होत नाही. मी दिग्दर्शक आहे. मी नाव बाजूला ठेवणार नाही.

भाचा : ठेवू नकोस. तुझं नाव ठेव. पण तुला कुणी नेमलं, ते बघ.

मावशी : म्हणजे?

भाचा : 2012च्या लंडन ऑलिम्पिकबरोबर ‘अनलिमिटेड’ नावाची योजना झाली. 29 कलाकृतींना पैसे दिले, आणि पैसे मिळाले अपंग कलावंतांना. अर्ज त्यांचा, कल्पना त्यांची, खात्यात रक्कम त्यांच्या. मग त्यांनी हवे ते सहकारी घेतले, अपंगत्व असलेले, नसलेले, देशातले, परदेशातले. स्यू ऑस्टिन चाकाची खुर्ची घेऊन समुद्रात पाण्याखाली गेली आणि तिथे तरंगत नाचली, ते यातच. कुणी नट म्हणून तिला ‘घेतलं’ नाही. तिने पाणबुडे, अभियंते, कॅमेरावाले घेतले. उद्या मला असा पैसा मिळाला, तर मी तुला दिग्दर्शक म्हणून घेईन. तू माझ्यावर ओरड, माझं संगीत काप. पण तुझी नेमणूक मी केलेली असेल.

मावशी बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, ‘मानधन काय देशील ते आधी सांग.’

आता आपल्याकडचं. मराठी रंगभूमीला हा विषय नवा नाही. स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांची नाटकं बसवली, ‘अपूर्व मेघदूत’ त्यांचंच. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक त्यांनी 2008 साली सुरू केलं. राज्य नाट्य स्पर्धेत दिव्यांग बालनाट्याचा वेगळा विभाग आहे, आणि त्यातल्या मुलांचा आत्मविश्वास बघून मन भरून येतं. पण भाच्याचा प्रश्न तिथेही आहे. ही मुलं मोठी झाल्यावर कुठल्या विभागात खेळणार? हौशी, संगीत, व्यावसायिक, या विभागांतल्या किती संस्थांत त्यांना तालमीला बोलावलं जातं? वेगळा विभाग ही सुरुवात म्हणून ठीक, पण त्यापुढची पायरी कुणी बांधलेली नाही. बांधकामाच्या अर्थानेही नाही. ज्या नाट्यगृहांत मी नाटकं पाहिली, तिथे प्रेक्षागृहात चाकाची खुर्ची कशीबशी जाते. रंगपटातून रंगमंचावर मात्र पायऱ्याच असतात. म्हणजे अपंग माणूस प्रेक्षक असू शकतो हे आपण नुकतंच मान्य केलंय, तो नट असेल हे अजून नाही.

गोव्यात 2023च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसांचा महोत्सव, झाला. तो आता आंतरराष्ट्रीय झाला आहे. भाच्याला त्यातली एक गोष्ट आवडते, अपंगत्व असलेली माणसं तिथे एवढ्या संख्येने एकत्र येतात, की कुणीच ‘प्रेरणादायी’ उरत नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 29 तर सरळ सांगतं, की अपंग कलावंत आणि लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व द्यावं, आणि कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे करावेत. कायदा आहे. परदेशी सांस्कृतिक संस्थांकडे निधीही आहे. नाटकवेडी तरुण मंडळी तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

मावशी आणि भाचा यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मावशी अजून म्हणते, की बेलचं नाटक मोठं आहे. भाचा म्हणतो, असेल. मी मावशीची नजर मानतो, पण बाजू भाच्याची घेतो. नाटक मोठं असणं आणि ते न्याय्य रीतीने झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण समीक्षक नेमतो, दुसरीसाठी कुणालाच नेमत नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या नाट्यसंस्थांना, नृत्यसंस्थांना एक विनंती आहे. परदेशी संस्थेबरोबर असा प्रकल्प करायची संधी पुढच्या वेळी आली, तर होकार देण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागून घ्या. निधीच्या अर्जावर पहिलं नाव अपंग कलावंताचं असावं. प्रत्येकाचं मानधन सगळ्यांना माहीत असावं. आणि प्रयोगाचं शेवटचं रूप ठरवणाऱ्या बैठकीत तो कलावंत मतासह बसावा. या तीन ओळी लिहून द्यायला समोरची संस्था तयार नसेल, तर तिला नम्रपणे नकार कळवा.